हिवाळा हवाच : परसातल्या बेरींविषयी

न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात किंवा वर कनेक्टिकटमध्ये घरामागे चार वाफे राखून असलेल्या मराठी माणसाला ऑक्टोबर सरत आला की एक काळजी लागते. टोमॅटो-मिरचीचा हंगाम आटोपलेला असतो. तुळस आणि कढीपत्त्याची कुंडी घरात, दक्षिणेकडच्या खिडकीशी आलेली असते. मग लक्ष जातं ते कुंपणालगतच्या ब्लूबेरीच्या झुडपांकडे, रास्पबेरीच्या काटेरी काड्यांकडे, जमिनीशी पसरलेल्या स्ट्रॉबेरीकडे. यांचं काय करायचं? आत घ्यायची की गोणपाटात गुंडाळायची? ओळखीची मंडळी दर वर्षी हे विचारतात आणि हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते त्यामुळेच. उत्तर पहिल्याच पानावर देऊन टाकते : जमिनीत लावलेल्या या झाडांना बाहेरच राहू द्या. थंडी त्यांना सहसा मारत नाही. थंडी मिळाली नाही तर मात्र ती धड फळत नाहीत.

हे पटायला जड जातं, कारण आपली बागेची समज घडली ती उष्ण प्रदेशात. केळी, पेरू, जास्वंद यांना कडाक्याची थंडी म्हणजे मरणच. नाशिककडे पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षबागांमध्ये रात्री शेकोट्या पेटतात. थंडी आली की झाड वाचवायचं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. बेरीवर्गातली ही झाडं मात्र जिथे चार-पाच महिने जमीन गोठते अशा मुलखात वाढत आली. त्यांचं वर्षाचं सगळं गणित हिवाळ्यावर बेतलेलं आहे. ते एकदा समजलं की लागवड, छाटणी, आच्छादन यांचे निर्णय आपोआप सुटत जातात आणि जून-जुलैत एकदम हाती येणाऱ्या फळाचं काय करायचं, याचीही तयारी वेळेत होते.

या गणिताची गोष्ट थोडी विस्तारानं सांगायला हवी, कारण तिचा मोठा भाग आपल्या शेजारी घडलेला आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्लूबेरी हे रानातलंच फळ होतं. लोक जंगलात जाऊन वेचून आणत. झुडूप उपटून शेतात लावलं तर ते खंगून मरे, त्यामुळे या फळाची शेती होऊच शकत नाही असा समज पक्का झाला होता. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोविल यांनी १९१० साली आपल्या प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि रहस्य फोडलं : ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते. चुना घातलेली, चांगली कसलेली शेतजमीन हीच तिला मारक ठरत होती. दक्षिण न्यू जर्सीतल्या पाइन बॅरन्समध्ये, व्हाइट्सबॉग इथे, एलिझाबेथ व्हाइट वडिलांच्या क्रॅनबेरीच्या शेतीत काम पाहत होत्या. भोवती मैलोन्‌मैल वाळूची, आम्लधर्मी, इतर पिकांना नकोशी जमीन आणि तिच्यात आपसूक वाढलेली रानटी ब्लूबेरी. तो अहवाल वाचून त्यांनी कोविल यांना बोलावून घेतलं. १९११ पासून दोघांचं काम सुरू झालं.

व्हाइटबाईंची पद्धत मला फार आवडते. रानात वर्षानुवर्षं फळं वेचणाऱ्या स्थानिक माणसांना कुठल्या ओढ्याकाठच्या कुठल्या झुडपाला मोठं फळ येतं हे तोंडपाठ होतं. व्हाइटबाईंनी त्या माणसांना एक मापपट्टी दिली. तिला जेमतेम दीड सेंटीमीटरच्या वर व्यासाचं भोक होतं. त्या भोकातून खाली न पडणारं फळ ज्या झुडपाला असेल ते झुडूप दाखवायचं आणि मोबदला घ्यायचा. वर झुडपाला शोधणाऱ्याचंच नाव. अशी शंभराच्या आसपास झुडपं जमली, पारखली गेली, त्यांतली मोजकी निवडून कोविल यांनी त्यांचे संकर केले. रूब लीक नावाच्या माणसानं दाखवलेल्या झुडपाचा वाण ‘रूबेल’ नावानं आजही विकत मिळतो. १९१६ साली व्हाइट्सबॉगहून लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक बाजारात गेलं. आज जगभर, अगदी चिली-पेरूपासून पोलंडपर्यंत, जी मोठ्या फळाची ब्लूबेरी पिकते तिच्या वंशावळीत या रानटी झुडपांचं रक्त आहे. व्हाइट्सबॉगचं ते जुनं गाव ब्रेंडन टी. बर्न स्टेट फॉरेस्टमध्ये जपून ठेवलेलं आहे. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जरूर जा.

आता थंडीविषयी. कोविल यांनी शरद ऋतूत काही ब्लूबेरीची रोपं उबदार काचघरात घेतली. समजूत अशी, की थंडीचा त्रास नाही म्हटल्यावर ती हिवाळाभर वाढत राहतील. तसं झालं नाही. पानं गळाली, झाडं झोपली आणि वसंत आला तरी उठेनात. बाहेर बर्फात राहिलेली रोपं मात्र वेळेवर तरारून फुटली. मग त्यांनी एक सुंदर प्रयोग केला. काचघरातल्या झाडाची एक फांदी काचेतल्या भोकातून बाहेर काढली. झाड उबेत, फांदी थंडीत. वसंतात बाहेरच्या त्या एका फांदीवर पालवी आली. आतलं उरलेलं झाड तसंच निपचित. म्हणजे थंडीचा हिशेब झाड एकत्रितपणे ठेवत नाही, प्रत्येक फांदी स्वतंत्रपणे ठेवते. १९२० साली त्यांनी हे सगळं सविस्तर मांडलं. आज रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर ‘चिलिंग अवर्स’ असा शब्द दिसतो, त्यामागे याच धर्तीची निरीक्षणं आहेत. साधारण शून्य ते सात अंश सेल्सिअस या पट्ट्यात झाडानं काढलेले तास म्हणजे चिलिंग अवर्स. उत्तरेकडच्या ब्लूबेरीला असे ८०० ते १००० तास लागतात. तेवढे भरल्याशिवाय कळी जागी होत नाही.

आणि ही कळी हिवाळ्याआधीच तयार झालेली असते. डिसेंबरात ब्लूबेरीच्या झुडपाजवळ जाऊन एक तांबूस कोवळी काडी नीट पाहा. शेंड्याला दोन-चार कळ्या फुगीर, गोलसर, खवल्यांनी गच्च बंद झालेल्या दिसतील. त्याच काडीवर खाली गेलात की कळ्या बारीक, टोकदार, काडीला चिकटून बसलेल्या. खालच्या आहेत त्यांतून पानं येणार. शेंड्याच्या फुगीर कळीत प्रत्येकी पाच ते दहा फुलं आहेत, म्हणजे पुढच्या जुलैतली तितकी फळं. त्या कळ्या उन्हाळ्याच्या अखेरीला आणि शरदातच घडल्या. म्हणून ऑक्टोबरात ‘जरा नीटनेटकं दिसू दे’ म्हणून झुडपाचे शेंडे कातरणं म्हणजे पुढच्या वर्षीचं पीक कातरून टाकणं. छाटणी फेब्रुवारी-मार्चात करायची, आणि शेंड्यांची नव्हे. जुन्या, जाड, खडबडीत सालीच्या दोन-तीन फांद्या बुडातून काढायच्या. स्ट्रॉबेरीचंही तेच आहे. जूनमध्ये फळणाऱ्या जातींची फुलं आदल्या शरदात, दिवस लहान होऊ लागले की, रोपाच्या पोटात आकार घेतात.

मग हिवाळ्यात झाडं मरतात ती कशानं? पहिलं कारण थंडीची धरसोड. जानेवारीत चार दिवस ऊन पडून पारा पंधरावर जातो, रास्पबेरीची काडी तोवर आपले थंडीचे तास पुरे करून बसलेली असते, ती सैलावते, आणि पाचव्या रात्री उणे बारा. त्या एका रात्रीत जितकं नुकसान होतं तितकं सलग महिनाभर उणे बारा राहून होत नाही. गाढ झोपेतली ब्लूबेरीची कळी उणे पंचवीसपर्यंत सहज निभावते. तीच उमलल्यावर उणे दोनाला जळते. दुसरं कारण वारा. जमीन गोठलेली असताना मुळांना पाणी ओढता येत नाही आणि वारा काड्यांतला ओलावा पळवत राहतो. तिसरं कारण निचऱ्याचं : मुळांशी पाणी साचून गोठलं की मुळं कुजतात. चौथं कारण आपणच. जुलैच्या मध्यानंतर नत्र घातलं की झाड ऐन सप्टेंबरात कोवळी फूट काढतं, ती पिकून टणक व्हायच्या आत थंडी गाठते. आणि पाचवं कारण चार पायांचं आहे : बर्फाखालून बोगदे काढत येणारे व्होल नावाचे छोटे उंदीर साल गोल कुरतडतात, बर्फावर उभे राहून ससे काड्या सोलतात. खोडाभोवती बारीक छिद्रांची तारेची जाळी, थोडी जमिनीत पुरून लावली, तर या दोघांचाही बंदोबस्त होतो.

याचा अर्थ हिवाळ्याआधीचं आपलं काम झाडाला ऊब देण्याचं नाही. त्याची झोप एकसारखी ठेवणं, हे आपलं काम. व्हाइट्सबॉगच्या परिसरातले क्रॅनबेरीचे शेतकरी हे पिढ्यान्‌पिढ्या करत आले. डिसेंबरात ते वाफ्यांमध्ये पाणी सोडतात. वेली पाण्याखाली जातात, वर बर्फाचा थर धरतो आणि त्याखाली वेली सुकवणाऱ्या वाऱ्यापासून आणि तापमानाच्या चढउतारापासून सुरक्षित राहतात. बर्फाची चादरही तेच करते. हातभर बर्फाखालची जमीन बाहेर उणे पंधरा असतानाही शून्याच्या आसपास टिकून राहते. म्हणून झुडपावरचा बर्फ झटकून टाकायची घाई करू नका. फांद्या ओझ्यानं मोडायला आल्या तरच हलक्या हातानं झटका.

स्ट्रॉबेरीवर थोडं जास्त थांबते, कारण तिच्याशी आपला जुना स्नेह आहे. आपल्याला स्ट्रॉबेरी म्हटलं की महाबळेश्वर आठवतं. २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालेलं ते फळ हिवाळ्यातच येतं. मे-जूनमध्ये वाईकडच्या रोपवाटिकांत मातृरोपांपासून रनर वाढवायचे, पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात डोंगरावरच्या वाफ्यांत लावायचे, नाताळच्या सुमारापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फळ घ्यायचं आणि पावसाळ्याआधी वाफा मोडायचा. तिथे स्ट्रॉबेरी एका हंगामाचं पीक आहे. न्यू जर्सीत तीच स्ट्रॉबेरी तीन-चार वर्षं त्याच वाफ्यात राहते, मे-अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत फळते आणि हिवाळाभर झोपते. महाबळेश्वरचा अनुभव पाठीशी असलेले काही जण इथे डिसेंबरात फळाची वाट पाहतात; त्यांनी ती आशा सोडावी. आपण खातो त्या मोठ्या स्ट्रॉबेरीचा जन्मही अठराव्या शतकात फ्रान्समध्ये झाला. फ्रेझिए नावाच्या लष्करी अभियंत्यानं चिलीहून १७१४ साली आणलेली मोठ्या फळाची जात आणि उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची काटक रानटी जात शेजारी शेजारी लावली गेली आणि त्यांचा संकर झाला. आजच्या झाडात थंडी सोसायचा जो चिवटपणा आहे तो मुख्यतः या दुसऱ्या आजीकडून आला.

तरीही तिला आच्छादन लागतं. स्ट्रॉबेरीचं खोड म्हणजे जमिनीच्या पातळीवरचा बोटभर आखूड गड्डा, इथे त्याला क्राउन म्हणतात. पानं, फुलं, रनर, सगळं त्यातून निघतं. हा गड्डा उघडा राहिला तर उणे नऊ-दहाच्या पुढे आतून तपकिरी पडू लागतो. शिवाय जमीन गोठते-सुटते, गोठते-सुटते, त्या हालचालीत रोप वर ढकललं जातं आणि बारीक मुळं तुटतात. फेब्रुवारीत एखादं रोप जमिनीबाहेर बोटभर उचललेलं दिसलं तर समजावं, हे त्या उलथापालथीचं काम. उपाय म्हणजे गव्हाचं काड, मोकळं पसरून, चार-सहा इंच. गवताची पेंढी आणू नका, तिच्यातलं बी वसंतात सगळ्या वाफ्यात उगवतं. काड घालायची वेळ मात्र जपायला हवी. नोव्हेंबरच्या पहिल्या गारठ्यात घातलं तर रोपं टणक व्हायच्या आधीच कोंडली जातात आणि कुजतात. पारा काही वेळा उणे सहा-सातपर्यंत जाऊन आला की, म्हणजे मध्य न्यू जर्सीत बहुधा डिसेंबरात, घालावं. मार्च-एप्रिलमध्ये काडाखाली पिवळसर हिरवी नवी पानं डोकावली की ते दोन ओळींच्या मध्ये सरकवून ठेवायचं. फुलं आल्यावर हिमाची रात्र सांगितली, तर तेच काड किंवा पातळ कापड परत ओढून घ्यायचं. उमललेल्या फुलाला हिम लागल्याची खूण सकाळी स्पष्ट दिसते : पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, मधला पिवळा भाग काळा. त्या फुलाचं फळ होत नाही.

रास्पबेरीत मुळं कायमची असतात आणि काडी दोन वर्षांची. पहिल्या वर्षी ती वाढते, हिवाळा काढते, दुसऱ्या उन्हाळ्यात फळते आणि मरते. उन्हाळी जातींत फळून गेलेल्या काड्या काढायच्या आणि नव्या राखायच्या, एवढं सांभाळलं की झालं. पण घरच्या बागेसाठी मी शरदात फळणाऱ्या जातीच सुचवते. ‘हेरिटेज’ ही त्यांतली सर्वांत परिचित. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या संशोधन केंद्रातून ती १९६९ साली आली. तिच्या त्याच वर्षीच्या काडीला ऑगस्टपासून फळ धरतं. त्यामुळे हिवाळ्याच्या अखेरीला सगळं बेट जमिनीसरशी कापून टाकता येतं. काडीच नाही म्हटल्यावर वारा तिला सुकवणार कसा आणि ससा सोलणार काय? नवख्या माणसाला याहून सोपी बेरी मिळायची नाही.

कुंडीतल्या झाडांचा नियम निराळा, आणि सगळ्यात जास्त झाडं दगावतात ती इथेच. ब्लूबेरीची फांदी जी थंडी सोसते ती तिची मुळं सोसू शकत नाहीत. जमिनीत मुळांना आजूबाजूच्या मातीचा आधार असतो. कुंडीत चारही बाजूंनी गारठा आत येतो. म्हणून कुंडी बर्फात उघडी ठेवायची नाही, पण घरातही आणायची नाही. घरात एकवीस अंशांवर तिचे थंडीचे तास भरणार नाहीत. तिची जागा हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये. पानं गळाल्यावर भिंतीशी ठेवायची, तीन-चार आठवड्यांनी माती चाचपून थोडं पाणी द्यायचं. अंधार चालतो, झोपलेल्या झाडाला उजेड लागत नाही. गॅरेज नसेल तर वाफ्यात खड्डा करून कुंडी काठापर्यंत पुरावी.

मातीचा विषय दुसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. इथे एवढंच सांगते की ब्लूबेरीला मातीचा सामू (पीएच) साडेचार ते पाच लागतो आणि नव्या वसाहतींतल्या अंगणांतली माती बहुधा सहा-साडेसहाची असते. अशा मातीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही; पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक खत वाढवतात आणि झाड आणखी खचतं. सामू उतरवायला गंधकाची भुकटी लागते. तिचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, थंड मातीत ते मंदावतात, त्यामुळे आज गंधक टाकून उद्या रोप लावता येत नाही. आधीच्या वर्षी टाकावं लागतं. या एका गोष्टीसाठी मी माणसांना वर्षभर थांबायला लावते आणि त्याबद्दल मला जराही वाईट वाटत नाही.

करंट आणि गूजबेरी लावायच्या असतील तर आधी आपल्या राज्याचा कायदा पाहा. या झुडपांवर जगणाऱ्या एका तांबेरा रोगानं पांढऱ्या पाइन वृक्षांचा संहार होत असे, म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्या लागवडीवर बंदी आली. केंद्रानं ती १९६६ मध्ये उठवली, राज्यांचे नियम मात्र वेगवेगळे आहेत, आणि काळ्या करंटच्या बाबतीत ते सर्वांत कडक. आणि एक नवं संकट : ठिपक्यांच्या पंखांची एक फळमाशी. २००८ साली ती कॅलिफोर्नियात आढळली आणि काही वर्षांतच पूर्व किनाऱ्यावर पसरली. साध्या फळमाश्या सडक्या फळावर बसतात. ही पिकत आलेल्या धडधाकट फळाला करवतीसारख्या अवयवानं चीर देऊन आत अंडी घालते. उशिराच्या रास्पबेरीला तिचा त्रास सर्वाधिक. एक-दोन दिवसांआड तोडणी, पडलेलं फळ गोळा करणं आणि तोडलेलं लगेच फ्रिजमध्ये ठेवणं, ही तिन्ही कामं मिळून औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

आता टिकवण्याविषयी. बेरीचा हंगाम आखूड आणि घाईचा. स्ट्रॉबेरीचे तीन आठवडे, मग ब्लूबेरी. एकदा सुरू झाली की रोज परातभर. ब्लूबेरी निळी झाली म्हणून लगेच तोडू नका. देठापाशी तांबूस कडं दिसतं तोवर ती आंबट असते, निळी झाल्यावर आणखी चार-पाच दिवस थांबलात तर साखर भरते. स्ट्रॉबेरी तोडल्यावर गोड होत नाही, म्हणून पूर्ण लाल होऊ द्या.

सर्वांत सोपा आणि माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग फ्रीझरचा. फळं एका थरात ट्रेवर पसरून आधी सुटी गोठवायची, मग पिशवीत भरायची. एकत्र भरली तर दगड होतो. ब्लूबेरी न धुता गोठवावी आणि वापरताना धुवावी, सालं चिवट होत नाहीत. उणे अठरा अंशांवर वर्षभर सहज राहतात.

जॅमकडे वळताना आपल्या स्वयंपाकघरातलं ज्ञान मदतीलाही येतं आणि आडही येतं. साखरांबा, मोरावळा करताना आपण पाकाची तार पाहतो. जॅम तारेवर घट्ट होत नाही, पेक्टिन नावाच्या फळातल्या द्रव्यावर होतो. त्याला आम्ल आणि पुरेशी साखर मिळाली की ते जाळं विणतं. करंट, गूजबेरी, क्रॅनबेरीत आणि आपल्या करवंदात पेक्टिन भरपूर, स्ट्रॉबेरीत कमी. दोनतारी पाकाच्या अंदाजानं स्ट्रॉबेरी आटवत बसलात तर रंग काळपटतो आणि थंड झाल्यावर पदार्थ चिक्कीसारखा दाताला चिकटतो. त्यापेक्षा थोडी अर्धकच्ची फळं मिसळा, लिंबाचा रस घाला. पाणी तुमच्याकडे जिथे उकळतं त्याच्या साडेचार अंश वर, समुद्रसपाटीला १०४-१०५ वर, जॅम तयार होतो. थर्मामीटर नसेल तर फ्रीझरमध्ये बशी ठेवा. आच बंद करून थेंबभर जॅम बशीवर टाका, मिनिटभर परत आत ठेवा, आणि बोटानं हळूच ढकला. वर सुरकुती उमटली आणि बोटामागचा मार्ग भरून आला नाही, तर झालं. एका वेळी थोडंच करा. दुप्पट घेतलं की उकळणं लांबतं आणि लांबलेल्या उकळणीत पेक्टिन मोडतं.

बरणीबंद करताना मात्र घरगुती अंदाज बाजूला ठेवा. साखर जास्त घातली की काहीही टिकतं, ही आपली समजूत इथे पुरी पडत नाही, आणि आजकाल साखर कमी करायची तर प्रत्येकाचीच इच्छा असते. बॉट्युलिझमचे जिवाणू ४.६ पेक्षा कमी सामूत वाढत नाहीत. बहुतेक बेरी तीन ते चारच्या दरम्यान असतात, म्हणून त्यांना उकळत्या पाण्यातली प्रक्रिया पुरते. गरम जॅम वर पाव इंच जागा सोडून भरायचा, काठ पुसायचा, झाकण लावायचं आणि बरणी पाण्यात पूर्ण बुडवून दहा मिनिटं उकळायची. डेन्व्हरसारख्या उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथे वेळ वाढवावी लागते. गरम बरणी उलटी ठेवणं किंवा वर मेण ओतणं या जुन्या रीती आता सुरक्षित मानत नाहीत. वेलची, लवंग, केशर खुशाल घाला. ओलं आलं, लसूण, कांदा, हिरवी मिरची घातलीत की आम्लतेचं गणित बदलतं. तशी चटणी तपासलेल्या कृतीनंच बरणीबंद करा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवून संपवा. एल्डरबेरी कच्ची खाऊ नका, आणि तिचा सामू ४.६ च्या वर जाऊ शकत असल्यानं ती बरणीबंद न करता गोठवा. जॉर्जिया विद्यापीठातलं घरगुती अन्न टिकवण्याचं राष्ट्रीय केंद्र तपासलेल्या कृती मोफत देतं. या पुस्तकातली प्रमाणं त्यांच्याशी ताडून घ्या.

पुढची प्रकरणं फळांनुसार नसून महिन्यांनुसार आहेत, आणि वर्ष मुद्दाम नोव्हेंबरपासून सुरू केलं आहे, कारण या झाडांचं वर्ष तिथूनच सुरू होतं. तुमचं अंगण मिनेसोटात असो वा मेरीलँडमध्ये, तारखा मागेपुढे सरकवा, क्रम तोच राहील. कृषी खात्यानं २०२३ साली थंडीच्या पट्ट्यांचा नवा नकाशा काढला, त्यात देशाचा जवळपास अर्धा भाग अर्ध्या पट्ट्यानं उबदार झालेला दिसतो; जुन्या नकाशावर विसंबून राहू नका.

रोपं विकत घ्यायची घाई नको. आधी वाफ्यातल्या चार-पाच ठिकाणची माती, सहा-आठ इंच खोलीपर्यंतची, एकत्र कालवून वाळवा आणि तुमच्या राज्याच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवा. न्यू जर्सीत रटगर्सची आहे. सामूचा आकडा हातात आला की दुसरं प्रकरण उघडा.